मधल्या चाकाची कड

अरे, फोन ठेवू नकोस, आधी हे ऐक. जेवतोयस? जेव, पण ऐक. एकदा एक गुरू होता आणि त्याची एक शिष्या होती, अशी सुरुवात केली तर तू लगेच जांभई देशील, माहितीये मला. पण ही गोष्ट कुठल्या अरण्यातल्या आश्रमातली नाहीये. गेल्या रविवारची आहे, मिरजेजवळच्या एका पेरूच्या बागेतली. आणि त्यात गुरूनं शिष्येच्या इतक्या वर्षांच्या मेहनतीवर ग्राइंडर चालवला. ग्राइंडर! तोही तिला न विचारता! आता तो घास गिळ आणि नीट ऐक.

गुरू म्हणजे भूपालअण्णा मगदूम. पॉलिटेक्निकमध्ये ड्रॉइंग शिकवायचे, यंत्रांची चित्रं. आता निवृत्त. माणूस शांत; दहा प्रश्न विचारले की एकाचं उत्तर देणार, तेही दुसऱ्या दिवशी. त्यांनी आपल्या पेरूच्या बागेभोवती एक रेल्वे बांधलीय. हसू नकोस, खेळण्यातली नाही. रुळांची रुंदी सव्वासात इंच, पण त्यावर धावतं ते कोळसा खाऊन वाफेवर चालणारं खरं इंजिन, खऱ्याच्या आठव्या हिश्शाएवढं. मागे ट्रॉली जोडायची, तिच्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसायचं आणि बागेला फेरी मारायची. संक्रांतीनंतरच्या रविवारी तिथं मेळा भरतो. हे वेड असलेली माणसं कुठून कुठून आपापली इंजिनं टेम्पोत घालून घेऊन येतात.

शिष्या म्हणजे शलाका घोरपडे. मूळची मिरजेचीच, अण्णांची विद्यार्थिनी, आता पुण्यात नोकरीला. तिचे वडील बळवंतराव रेल्वेत ड्रायव्हर. आयुष्यभर मालगाड्या ओढल्या, सुरुवातीची वर्षं तर वाफेच्या इंजिनावर. मागच्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात गेला, आणि बोलणं अडखळायला लागलं. म्हणजे डोक्यात सगळं लख्ख असतं, पण शब्द जिभेवर यायला वेळ लागतो. शलाकानं त्यांना पुण्याला आणलं आणि इतकं सांभाळलं, इतकं सांभाळलं की शेजारणी आपल्या मुलींना तिचं उदाहरण देतात. औषध, व्यायाम, जेवण, झोप, सगळं तिच्या हातात.

आणि त्यात ते इंजिन. झटक्याच्या कितीतरी आधी तिनं ते करायला घेतलं होतं. वडील तरुणपणी चालवायचे तसलं मालगाडीचं लांबलचक इंजिन, एका बाजूला पाच मोठी चाकं, दुसऱ्या बाजूला पाच. वजन एका म्हशीएवढं! सुट्टीच्या दिवशी लेथवर उभं राहून, खिळा न खिळा स्वतः करून तिनं ते पुरं केलं. का, तर बाबांना त्यावर एकदा फिरवायचं. बस, एवढंच तिला हवं होतं. अण्णांच्या बागेत, मेळ्याच्या दिवशी, बाबांना त्यांच्या इंजिनामागे बसवून एक पूर्ण फेरी.

तर रविवारी सकाळी टेम्पो बागेत पोचला. पद्मावतीकाकी, म्हणजे अण्णांच्या मंडळी, तिळाचे लाडू घेऊन दारातच.

"आलीस व्हय गं! आणि हे बघा, साक्षात ड्रायव्हरसाहेब! भावजी, प्रवास कसा झाला?"

बळवंतरावांनी तोंड उघडलं.

"छान झाला काकी," शलाका म्हणाली. "वाटेत दोनदा थांबलो."

"चहा ठेवू नव्हं, भावजी? साखर चालती?"

"बिनसाखरेचा, काकी. आणि लाडू नको, चावताना त्रास होतो त्यांना."

काकींनी लाडू ताटलीत परत ठेवला. बळवंतराव त्या लाडवाकडे बघत राहिले. मग त्यांनी उजवा हात उचलून बागेच्या टोकाकडे केला. "वि... विहिरी..."

"विहीर बघायचीये? नंतर जाऊ हं बाबा, आधी गोळी घ्यायचीये."

त्यांनी हात खाली घेतला. आता तू म्हणशील, यात काय एवढं? काहीच नाही. रोज असंच चालायचं त्या घरात. पण हे लक्षात ठेव.

इंजिन टेम्पोतून उतरलं आणि आलेली सगळी माणसं गोळा झाली. हिरवा रंग, पितळेचे पट्टे, आणि ती चाकं! एकजण तर म्हणाला, "बाई, ह्याला नजर लागू नये म्हणून एक ओरखडा मारा कुठंतरी." अण्णा मात्र काही न बोलता उकिडवे बसले. त्यांनी मधल्या चाकाला अंगठा लावला आणि आत ढकलून बघितलं. मग बाहेर ओढून बघितलं.

"हलत नाही," ते म्हणाले.

"केसभर नाही, अण्णा!" शलाकाचा चेहरा फुललेला. "पाचही जोड्या एकदम घट्ट. कुठं खुळखुळ म्हणून ऐकू येणार नाही."

"कड सगळ्या चाकांना ठेवलीस?"

कड म्हणजे काय, सांगतो. रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूनं एक उभा काठ असतो बघ, परातीला असतो तसा. तो रुळाला आतून धरून ठेवतो, म्हणून चाक घसरून बाहेर जात नाही. इंजिनाचा सगळा भरवसा त्या कडेवर.

"सगळ्यांना, अण्णा. अर्धवट काम नाही केलं."

"चालवून बघितलंस?"

"सोसायटीच्या पार्किंगमध्ये सरळ रूळ टाकून. लोण्यासारखं चालतं."

"हं," अण्णा म्हणाले, आणि उठले. बस, हं! मी तिथं असतो ना, तर त्यांना धरून हलवलं असतं की बाबा, काय ते बोला! पण अण्णा असेच. विद्यार्थ्यानं आपटल्याशिवाय त्याला उत्तर द्यायचं नाही, कारण त्याआधी ते उत्तर त्याच्या कामाचं नसतं, असं त्यांचं म्हणणं.

आता बागेची रचना बघ. तीन बाजूंना वळणं ऐसपैस आहेत. चौथ्या कोपऱ्यात विहीर. विहिरीच्या अलीकडे शेजाऱ्याचा बांध. मधल्या चिंचोळ्या जागेतून रूळ वळवायचा म्हणजे वळण आवळूनच घ्यावं लागतं. चाळीस फूट त्रिज्या. लहान इंजिनाला काही वाटत नाही. पण शलाकाचं इंजिन लांब, पाच जोड्या एकाच ताठ सांगाड्यात बसवलेल्या. लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर कसं अडकतं? भिंतही हलत नाही आणि कपाटही वाकत नाही. तसलं प्रकरण. अशा इंजिनाला पासष्ट फूट तरी त्रिज्या हवी. हे शलाकाला माहीत नव्हतं असं नाही, पक्कं माहीत होतं. पण तिला वाटलं, हळू नेऊ, जाईल. स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तूबद्दल आपल्याला असंच वाटतं ना?

वाफ धरली. शलाका इंजिनामागे बसली, वाफ कमी-जास्त करायचा दांडा तिच्या हातात. तिच्या मागे ट्रॉलीवर बाबा, कमरेला पट्टा बांधून, मांडीवर शाल. बाबांचा उजवा हात पुढे सरकला, दांड्याच्या दिशेनं. तिनं तो हळूच उचलून परत शालीवर ठेवला. "तुम्ही आरामात बसा. मी आहे ना."

सुटली गाडी! पहिलं वळण, दुसरं वळण, टाळ्या, शिट्ट्या, पेरूच्या झाडांतून पांढरी वाफ. शलाकाच्या डोळ्यांत पाणी. आणि मग विहिरीचं वळण आलं.

आधी नुसती कुरकुर. मग दात खाल्ल्यासारखा आवाज. मग इंजिन जागच्या जागी अंग चोरल्यासारखं झालं, मधलं चाक रुळावर चढलं, आणि ते सगळं धूड विहिरीच्या बाजूला कललं! अरे, विहिरीच्या बाजूला! मागे अर्धांग झालेला माणूस पट्ट्यानं बांधलेला! शलाका किंचाळली ती काकींना स्वयंपाकघरात ऐकू गेली. तिनं वाफ तोडली, ब्रेक मारला, उलटी उडी टाकून बाबांना मिठी मारली. इंजिन तसंच तिरपं, चाकं खडीत रुतवून उभं राहिलं. पडलं नाही. कुणाला ओरखडासुद्धा नाही. पण तिला पट्ट्याचं बक्कल काही केल्या सुटेना.

"बाबा, लागलं का? कुठं लागलं? दुखतंय?"

बळवंतराव काहीतरी सांगायला बघत होते. "मी... मी..."

"हो, हो, निघतोय आपण. लगेच निघतोय."

माणसं धावली. जॅक लावून, पहारी घालून चाकं रुळांवर आणली, मग सांगाड्याखाली लाकडी ठोकळे सरकवून अख्खं इंजिन जरा उचलून ठेवलं, काही वाकलंय का ते बघायला. काही वाकलं नव्हतं. शलाकाचा मात्र तोल गेला होता.

"अण्णा, हे वळण चुकीचं आहे," ती म्हणाली. "इतकी वर्षं तुम्ही ते तसंच ठेवलंय. रुंद करायला नको?"

"कुठनं करतीस?" काकींनी पदर खोचत विचारलं. "विहीर बुजवू का शेजाऱ्याचा बांध खाऊ? सांग, आत्ता फावडं आणतो."

काकी तिकडच्या बायांसारख्या 'आणतो', 'जातो' असंच बोलतात. एरवी शलाकाला हसू आलं असतं. आता नाही आलं.

"काही नको, काकी. मी गाडी घेऊन चालले. पुन्हा हे नाही. मी बाबांना घेऊन असला धोका पुन्हा नाही पत्करणार. संपलं."

संपलं म्हणाली ना, तेव्हा बळवंतरावांनी मान फिरवली आणि विहिरीकडे तोंड केलं. तिनं ते पाहिलं, पण तिला वाटलं, घाबरलेत. तिनं त्यांना सावलीत खुर्चीवर बसवलं, पाणी पाजलं आणि टेम्पोवाल्याला शोधायला रस्त्यावर गेली. तो जेवायला लांबच्या ढाब्यावर जाऊन बसलेला. फोन लागेना. चालत गेली, त्याला ताटावरून उठवायला बघितलं, तो म्हणाला, "ताई, भाकरी तरी संपू द्या." वाट बघत बसली. परत यायला तिला चांगला तासभर लागला.

आणि बागेच्या फाटकातच तिला तो आवाज ऐकू आला.

कर्रर्रर्र.

ती धावली. आणि काय दिसलं, ऐक. इंजिन ठोकळ्यांवर अधांतरी. वाफ अजून होतीच, आणि चाकं हवेत हळूहळू फिरतायत. सांध्यांवर, दांड्यांवर ओली गोणपाटं टाकलेली. आणि भूपालअण्णा, तिचे गुरू, डोळ्यांवर चष्मा लावून, फिरत्या मधल्या चाकावर ग्राइंडर धरून बसलेले! लाल ठिणग्यांचा फवारा उडतोय! तिनं ज्या चाकाची कड लेथवर केसाकेसानं मोजून वळवली होती, ती राखाडी भुकटी होऊन खडीवर पडतेय!

थांब, अजून आहे. फिरती चाकं म्हणजे कुणीतरी वाफ सोडत असणार ना? कोण? वाफेच्या दांड्याशी स्टुलावर बसून, उजव्या हातानं दांडा इतका अलगद धरून की चाक एका लयीत फिरावं, तिचे बाबा! शाल जमिनीवर पडलेली. गालावर काजळी.

"अण्णा!" ती ओरडली. "अण्णा, हे काय करताय!"

अण्णांनी ग्राइंडर बंद केला. बळवंतरावांनी वाफ बंद केली. चाकं थांबली. आजूबाजूच्या माणसांनी लगेच काहीतरी काम असल्यासारखे चेहरे केले आणि पेरूच्या झाडांकडे पांगली.

"एका बाजूची झाली," अण्णा म्हणाले. "दुसरी राहिली."

"तुम्ही माझं इंजिन मोडलंत!"

"मोडलं नाही. तुझ्या चाकाचं जादा ओतीव, न वळवलेलं कच्चं चाक, माझ्या शेडमध्ये पडलंय, तूच ठेवलेलंस. म्हणालीस तर मी स्वतः ते लेथवर वळवून होतं तसं बसवून देतो. माझी जबाबदारी."

"पण कुणाला विचारून केलंत?"

"ह्याला," अण्णांनी बळवंतरावांकडे बोट केलं.

शलाका हसली, पण ते हसणं रडण्याच्या इतकं जवळ होतं की काकी पुढं आल्या. "बाबांना? अण्णा, बाबा काय सांगणार? त्यांना बोलता येतं का नीट?"

"बोलला की," अण्णा म्हणाले. "जरा वेळ लागला. मी थांबलो."

हे ऐकलं तेव्हा मला कसंतरीच झालं रे. आणि तिथं उभ्या असलेल्या तिला काय झालं असेल? टेम्पोवाला मागून येऊन म्हणाला, "ताई, भरायचं का?" तर तिनं नुसता हात वर केला.

अण्णा खडीवर बसले. पोरीलाही समोर बसायला सांगितलं. आणि मग बोलले, वर्गात बोलायचे तसं, संथ.

"हे बघ. इंजिन तू उत्तम केलंस. एवढं घट्ट काम माझ्या हातून झालं नसतं. पण तू सगळ्याच चाकांना धरायला लावलंस. सरळ रस्त्यावर त्यानं बिघडत नाही. पाचांनी धरलं काय, दोघांनी धरलं काय, सारखंच. वळण आलं की कळतं. वळणावर पुढचं चाक वाट काढतं, मागचं चाक मागची बाजू सांभाळतं, आणि मधल्याला जरा आत-बाहेर सरकावं लागतं. त्यानंही हट्टानं धरून ठेवलं, तर इंजिन वळत नाही, चढतं. मग पडतं. आणि पडतं ते धरणाऱ्या चाकामुळं, सोडणाऱ्यामुळं नव्हे. मोठ्या खऱ्या इंजिनांतसुद्धा म्हणून काही चाकांना कड ठेवत नसत."

"पण कड गेली तर ते चाक कशाला उरलं, अण्णा?" ती कळवळून म्हणाली. "मग त्याचं कामच काय?"

"कड गेली म्हणजे चाक गेलं नाही, पोरी. वजन तेवढंच उचलतं. सगळ्यांबरोबर तेवढंच फिरतं. एक क्षण मागं राहत नाही. फक्त धरत नाही. वळण आवळलेलं असलं आणि ते बदलता येत नसलं, तर कुणीतरी एकानं आपली कड सोडायची असते. वळण काय कुणी मुद्दाम मागून घेत नाही."

एवढंच. पुढं एक अक्षर नाही. उठले, ग्राइंडर तिच्यासमोर खडीवर ठेवला, आणि हात धुवायला विहिरीकडे निघून गेले.

शलाका बसून राहिली. तिला काय आठवलं असेल? मला सांगताना ती म्हणाली, आधी लाडू आठवला. सकाळचा, ताटलीत परत गेलेला. मग शालीवर ठेवलेला हात. मग कितीतरी गोष्टी, एकामागोमाग एक. सकाळी ते कुठला शर्ट म्हणतात ते ऐकून घ्यायच्या आधीच तिनं काढून ठेवलेला शर्ट. फोनवर जुने मित्र बाबांना प्रश्न विचारायचे आणि स्पीकरवरून उत्तरं ती द्यायची. कधीपासून हे असं चाललंय, तिला आठवेना. आणि ती ज्याला माया म्हणत होती ती मायाच होती, ते खोटं नव्हतं. पण त्या मायेला कड होती.

ती सरकत सरकत बाबांच्या स्टुलापाशी गेली.

"बाबा, सकाळी तुम्ही विहिरीचं काय म्हणत होता?"

बळवंतरावांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. "वि... विहिरी... पाशी..."

तिच्या तोंडात पुढचे तीन शब्द तयार होते. विहिरीपाशी बसायचंय? विहिरीपाशी भीती वाटली? विहिरीपाशी जपून, असं? तिनं दात आवळले. पेरूच्या झाडात एक पोपट ओरडून गेला, तोही तिला घाई करतोय असं वाटलं. बाबांच्या कपाळावर घाम आला. तिला तो पुसावासा वाटला. तिनं हात मांडीखाली दाबून धरले. मी म्हणतो, काय वाटलं असेल रे तिला!

"विहिरी... पाशी... शि... शिटी." त्यांनी श्वास घेतला. "मी... देणार."

अरे, एवढंच! त्या वळणावर झाडांमुळे पलीकडचं दिसत नाही, म्हणून अण्णांच्या बागेत रीतच आहे, वळणाआधी शिटी द्यायची. आणि शिटी ड्रायव्हरची असते. पुण्याहून निघाल्यापासून त्या माणसाला एवढंच सांगायचं होतं. मला मागे बसवू नका. मी देणार शिटी.

शलाका उठली. तिनं अण्णांचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ग्राइंडर उचलला. काकी म्हणाल्या, "अगं, हात थरथरतायत तुझे, ठेव की जरा!" ती म्हणाली, "थरथरू देत, काकी." मग बाबांना म्हणाली, "हळू फिरवा." आणि बाबांनी चाक इतकं हळू, इतकं सारखं फिरवलं की तिला वाटलं, या हाताला अर्धांग कुठं झालंय? झालं होतं ते दुसऱ्या हाताला. हा हात तर तेव्हापासून नुसता रिकामा बसून होता. दुसऱ्या बाजूची कड तिनं स्वतः उतरवली. ठिणग्या तिच्या बाह्यांवर उडत होत्या. पहिल्या ठिणगीला ती रडली, असं काकी सांगतात. ती म्हणते धुरानं.

संध्याकाळच्या उन्हात गाडी पुन्हा लावली. आता दांड्याशी बाबा. टोपीसुद्धा कुणीतरी आणून दिली. आणि शलाका त्यांच्या मागे, तिला हवं तर ब्रेकला हात पोचेल एवढ्या अंतरावर. ते काही तिनं सोडलं नाही. इतका काही तिला साक्षात्कार झाला नव्हता. पण हात तिनं आपल्या गुडघ्यांवर ठेवले.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला बाबांनी मान जराशी तिरकी करून कान दिला, चाकांचा आवाज ऐकत. मग विहिरीचं वळण समोर आलं आणि गाडी मंदावली. फार मंदावली. थांबतेय की काय! शलाकाचा उजवा हात गुडघ्यावरून उठला. बाबांच्या खांद्यापर्यंत गेला. बाजूला उभ्या असलेल्या सगळ्यांनी तो हात पाहिला. काकींनी तर डोळेच मिटले.

आणि तो हात हवेतच राहिला, मग वळला, आणि परत गुडघ्यावर आला.

बाबांनी दांडा चिमूटभर उघडला. पुढची चाकं वळणात शिरली. मधलं चाक रुळावर सरकलं, आत, अजून जरा आत, आणि अंगावरचं वजन जराही न सांडता फिरत राहिलं. कुरकुर नाही. दात खाणं नाही. आणि नेमकी विहिरीच्या काठाशी, पेरूच्या झाडांच्या आडून, बळवंतराव घोरपड्यांनी शिटी दिली. लांब, आवळत आवळत वर जाणारी, मग एकदम सोडलेली. मालगाडीचे ड्रायव्हर द्यायचे तशी.

काकी पळी हातात घेऊन ओरडल्या, "अगं बाई, गाडी आली की!" अण्णा विहिरीच्या कठड्यावर बसून होते, त्यांनी नुसती मान हलवली. आणि बाबा? ते थांबलेच नाहीत. दुसरी फेरी सुरू केली. शलाका मागून म्हणाली, "बाबा, दमाल," आणि मग लगेच ओठ मिटले. बाबा काहीतरी म्हणायला लागले, तिनं वाट पाहिली. एक झाड गेलं, दोन झाडं गेली.

"ला... लाडू," ते म्हणाले. "दोन."

काय हसली ती, काय रडली! आणि फेरी संपल्यावर काकींनी ताटलीच त्यांच्या मांडीवर ठेवली.

ते मधलं चाक अजून तसंच आहे, कडेविना. अण्णांनी नवीन बसवून देतो म्हटलं, ती नको म्हणाली. पण मी काल रात्रीपासून हाच विचार करतोय. असा आपला माणूस, वळण असं आवळलेलं, आणि खडीवर समोर ठेवलेला तो ग्राइंडर. खरं सांग हं, उगाच शहाणपणा नको. टेम्पोवाला मागं उभा होता, 'भरायचं का' विचारत. तू तिच्या जागी असतास, तर काय केलं असतंस?